एका आरतीचे वाचन

जी कविता माणसाला वाचता येऊ लागण्यापूर्वीच तोंडपाठ झालेली असते, ती पुढे वाचण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही. आणि म्हणूनच समर्थ रामदासांची म्हणून सर्वतोमुखी झालेली गणपतीची ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती, भाद्रपदात घरोघर दोन्ही वेळा म्हटली जात असूनही, काव्य या नात्याने जवळजवळ अवाचितच राहिली आहे. या उपेक्षेला साहित्यशास्त्राचाही थोडा हातभार लागला आहे, कारण देवाविषयीच्या रतीला मम्मटाने रसाची पदवी न देता केवळ ‘भाव’ या सदरात दाखल केले, आणि स्तोत्र-आरत्यांचा मजकूर पूजेच्या साहित्यात जमा झाला. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे कवीचे नाव वगळून नुसत्या कविता ठेवल्या व त्यांचे लेखी अभिप्राय तपासून 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच शिरस्त्याने निरांजन, टाळ आणि समर्थांविषयीचा आदर हे सारे घटकाभर बाजूला ठेवून ही तीन कडवी आपल्याला वाचता येतील.

पहिल्या कडव्यात देव दिसत नाही, त्याचे कर्तृत्व तेवढे ऐकू येते. विघ्नाचे नावही उरू न देणे आणि प्रेमाचा पुरवठा करणे या दोन परस्परविरुद्ध क्रिया कवीने एकाच यमकात बांधल्या आहेत. बा. सी. मर्ढेकरांनी लयीची जी संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे सांगितली, त्यांचा दाखला इतक्या आटोपशीर जागेत क्वचितच मिळेल. मग अंगभर शेंदूर आणि गळ्यात मोती येतात आणि अमूर्त गुणांना पहिल्यांदा रंग चढतो.

दुसरे कडवे वरवर पाहता दागिन्यांची नुसती यादी आहे, परंतु यादीतला क्रम निर्हेतुक नाही. माणसाचे वर्णन मस्तकापासून करावे आणि देवाचे चरणांपासून, असा संस्कृत कवींचा जुना संकेत आहे. रामदासांची दृष्टी मात्र मुकुटापासून निघून पायांशी येते. याच कडव्यात गणपतीला गौरीचा कुमार म्हणून हाक मारलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे देवाचे वर्णन माणसाच्या रीतीने का केले आहे याचा उलगडा होतो. नटवलेल्या मुलाला कौतुकाने न्याहाळणाऱ्या आईची दृष्टी अशीच वरून खाली उतरते. आणि ती पायांशी पोचताच तोपर्यंत निश्चल असलेल्या चित्रात नूपुरांचा नाद उठतो. आतापर्यंत डोळ्यांचे काम होते, आता कान जागे होतात, आणि देव चालतो आहे असे एका शब्दानेही न सांगता तो चालू लागतो. आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटले त्याचे उदाहरण शोधण्यासाठी कालिदासापर्यंत जाण्याचे येथे प्रयोजन नाही.

तिसऱ्या कडव्यात देव इतका निकट आलेला असतो की अलंकार मागे पडून नुसते अवयव उरतात: पोट, सोंड, तीन डोळे. सोंडेचा सरळपणा आणि तोंडाची वक्रता एका श्वासात सांगितली जाते. विरोधाचा खेळ अद्याप संपलेला नाही. आणि नेमक्या याच ठिकाणी, अर्जाचा सगळा मायना लिहून झाल्यावर तळाशी अर्जदाराने सही करावी तसा, रामाचा दास प्रथमच समोर येतो. तो घरी वाट पाहत आहे, संकटात धाव आणि अखेरच्या क्षणी रक्षण एवढेच त्याचे मागणे आहे.

ज्याला डोळ्यांनी आपादमस्तक न्याहाळले, ज्याची पावले ऐकली, त्याची अजून वाट कशी पाहायची? धृपद तर दर्शनानेच मनोरथ पुरे झाल्याची ग्वाही प्रत्येक कडव्यानंतर देत असते. माझ्या मते या आरतीचे सारे काव्य या विसंगतीत आहे. कडवे प्रतीक्षेत संपते आणि लगेच तेच धृपद पुन्हा येते. पहिल्या दोन वेळा जे स्तुतीचे वाक्य होते, ते तिसऱ्या वेळी त्या प्रतीक्षेचे उत्तर होऊन बसते. अक्षर एकही बदललेले नसते. बदलते ती त्याची जागा.

दुर्दैवाने लोकांच्या मुखी सर्वांत अधिक हाल झाले आहेत ते याच कडव्याचे. ‘सदना’च्या जागी ‘सजणा’ आणि ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’ सर्रास ऐकू येते. पहिल्या फरकाने प्रतीक्षेचे घरच नाहीसे होते, दुसऱ्याने आयुष्यभराचे संकट पंचांगातल्या एका तिथीपुरते उरते. पोटाभोवती नागाचे बंधन असलेल्या देवाला काही जण तिथे ‘वंदना’ करून मोकळे होतात; पण पाठाची शहानिशा करण्यास कवीने पुरावा ठेवलेला आहे. कडव्याचा शेवट वंदनेनेच होतो, आणि चार ओळींच्या यमकात तोच शब्द दोनदा खर्ची घालण्याइतका हा कवी शब्दांचा दरिद्री नव्हता. चारही ओळी ‘ना’ या अक्षरावर उतरतात, त्यात ‘सजणा’चा णकार आगंतुक ठरतो, हेही कान देऊन ऐकणाऱ्यास सहज कळेल.

एवढे असूनही घरोघरी तिसऱ्या कडव्यापर्यंत आरतीची गती वाढत जाते, टाळ्या शब्दांच्या पुढे धावतात आणि प्रसादाकडे लक्ष लागलेली मुले तो मजकूर अक्षरशः गिळून टाकतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी तो आपल्याकडूनच ऐकलेला असतो. तेव्हा येत्या चतुर्थीला वडीलधाऱ्यांनी तिसऱ्या कडव्याच्या आरंभी टाळांना थोडा लगाम घालावा आणि त्या चार ओळी, ‘सदना’सकट, सावकाश म्हणाव्यात.