विश्लेषण : समाजमाध्यमांवरील जाहिरातींचा खरेच फायदा होतो का?

पोस्टखालचे ‘बूस्ट’चे बटण दाबायचे, मोबाइलवरून पैसे भरायचे, की जाहिरात सुरू. शिकवणीवाल्यांपासून आंबा बागायतदारांपर्यंत अनेक जण आज फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर असा खर्च करतात. पडद्यावर हजारो ‘व्ह्यूज’ आणि शेकडो ‘लाइक्स’ दिसतात. पण गल्ल्यात नेमकी किती भर पडली, हे त्यातून कळते का?

आकडे काय सांगतात?

‘रीच’ म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली आणि ‘क्लिक’ म्हणजे किती जणांनी त्यावर बोट ठेवले. हे दोन्ही आकडे विक्रीचे नव्हेत. खरेदीचे श्रेय देण्याचाही एक नियम असतो. मेटाच्या प्रणालीत क्लिकनंतर ७ दिवसांत किंवा जाहिरात नुसती दिसल्यानंतर १ दिवसात झालेली खरेदी साधारणपणे जाहिरातीच्या खात्यात जमा होते. तो ग्राहक जाहिरात न पाहताही आला असता का, याचे उत्तर या हिशेबात नसते. शिवाय आकडे चुकूही शकतात. व्हिडीओ पाहण्याचा सरासरी वेळ सुमारे दोन वर्षे फुगवून दाखवला गेल्याचे फेसबुकने २०१६ मध्ये मान्य केले होते.

मग जाहिरात निरुपयोगी आहे का?

तसे नाही. ‘ईबे’ या ऑनलाइन बाजारपेठेने २०१२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग केला. तो समाजमाध्यमांवरचा नव्हता, शोधयंत्रावरील जाहिरातींचा होता, पण त्याचा धडा इथेही लागू पडतो. कंपनीने स्वत:च्या नावावरील जाहिराती बंद केल्या, तेव्हा जवळपास तितकेच ग्राहक जाहिरातीऐवजी खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. इतर जाहिराती काही भागांत बंद ठेवल्यावर दिसले, की नेहमीच्या ग्राहकांवर त्यांचा परिणाम जवळपास शून्य होता. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर मात्र होता. म्हणजे ज्यांना तुम्ही आधीच माहीत आहात, त्यांच्यावरचा खर्च बराचसा वाया जातो.

‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ने २०१७ मध्ये एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींवरील १० कोटी डॉलरहून अधिक खर्च कापला, तरी विक्रीच्या वाढीवर फारसा परिणाम झाला नाही, असे कंपनीने सांगितले. पण तिची उत्पादने घरोघरी ठाऊक आहेत. नव्याने सुरू झालेल्या घरगुती मसाल्याच्या व्यवसायाला हाच निकष लावता येणार नाही.

हिशेब कुठे चुकतो?

समजा, रत्नागिरीच्या एका बागायतदाराने जाहिरातीवर २० हजार रुपये खर्च केले आणि १०० पेट्यांची मागणी ‘जाहिरातीतून’ आल्याचे दिसले. पेटीमागे ३०० रुपये सुटत असतील, तर ३० हजार मिळाले आणि खर्च वजा जाता १० हजार उरले. पण त्यातले ६० जण दरवर्षीचेच गिऱ्हाईक असतील, तर जाहिरातीने आणलेल्या पेट्या फक्त ४०. त्यांचे १२ हजार मिळाले. म्हणजे प्रत्यक्षात ८ हजारांचा तोटा. त्यातच एप्रिल-मेमध्ये आंब्याची मागणी तशीही वाढते आणि ती वाढही जाहिरातीच्या नावावर खपून जाते.

संशोधकांनाही हा गुंता सुटता सुटत नाही. फेसबुकवरील १५ मोठ्या जाहिरात प्रयोगांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जाहिरात पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या ग्राहकांची मागाहून तुलना करणाऱ्या पद्धती, प्रत्यक्ष प्रयोगातून दिसलेल्या परिणामापेक्षा अनेकदा वेगळे, बहुतेकदा फुगलेले उत्तर देतात, असे त्यात आढळले.

लहान व्यावसायिकाने काय करावे?

सोपी चाचणी म्हणजे जाहिरात काही ठिकाणी मुद्दाम बंद ठेवणे. दोन आठवडे नाशिकमध्ये जाहिरात चालू ठेवा आणि कोल्हापुरात बंद. नंतर उलट करा. दोन्हीकडच्या एकूण मागणीची तुलना करा, फक्त ‘जाहिरातीतून’ आलेल्या मागणीची नव्हे. मागणी थोडी असेल तर एवढ्याने निष्कर्ष काढू नका, चाचणी पुन्हा करा. जाहिरात देताना उद्दिष्ट ‘लाइक्स’ऐवजी संदेश किंवा विक्री हे निवडा, कारण प्रणाली तुम्ही मागाल तेच शोधून आणते. जुन्या ग्राहकांची यादी प्रेक्षकांतून वगळा. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप पुरतो. आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ ही उत्तरे वहीत लिहून ठेवा.

निष्कर्ष काय?

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यापर्यंत पोहोचायचे असेल, तर समाजमाध्यमांवरील जाहिरात कामाची ठरू शकते. मात्र ती कामाची ठरली की नाही, याचा निकाल जाहिरात विकणाऱ्याच्या पडद्यावर शोधू नये. जाहिरात बंद ठेवल्यावर विक्री किती घटली, हे आपल्याच वहीत पाहावे. काहीच घटली नसेल, तर पुढच्या महिन्याचे पैसे वाचले.