वरणावरचे पाणी आणि प्रथिने



आजारातून उठलेल्या माणसास, किंवा नुकतेच अन्न खाऊ लागलेल्या बालकास, आपल्या घरांतून प्रथम काय दिले जाते? वरणावरचे पाणी. ते पचावयास हलके, म्हणून देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु डाळीतील सारे सत्त्व त्या पाण्यात उतरते, हा समज मात्र खरा नव्हे. डाळीतील प्रथिनांचा फार मोठा भाग तळाशी बसलेल्या डाळीतच राहतो. हे प्रथिन म्हणजे काय, आणि त्यावाचून जीवमात्राचे का अडते, ते आज पाहू.

पिष्टमय व स्निग्ध पदार्थ हे मुख्यतः शरीराचे इंधन. प्रथिने ही त्याची बांधणी. स्नायू, त्वचा, केस व नखे प्रथिनांचीच बनलेली असतात. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिनच. अन्न पचविणारे पाचक घटक आणि रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये हीही प्रथिनेच होत.

वर्णमालेतील थोड्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द होतात, तशी अवघ्या वीस अमिनो आम्लांतून हजारो प्रथिने घडतात. अक्षरांचा क्रम बदलला की शब्द बदलतो, तसेच येथेही आहे. इन्सुलिन या लहानशा प्रथिनात एक्कावन्न अमिनो आम्ले असतात. त्यांचा संपूर्ण क्रम फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत उलगडला व त्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पती जमिनीतील नत्र घेऊन ही सर्व अमिनो आम्ले स्वतः तयार करतात. माणसास ते साधत नाही. वीसांपैकी नऊ आम्ले त्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. शिवाय चरबीप्रमाणे प्रथिनांचा वेगळा साठा शरीरात होत नाही. अन्नात ती कमी पडली की शरीर आपलेच स्नायू मोडून निकडीची कामे भागविते. वाढत्या वयात तर ही उणीव फारच महाग पडते.

आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली काही मुलांच्या आजाराचे वर्णन केले. अंगावरचे दूध तुटल्यावर ही मुले मक्याच्या पेजेवर वाढत होती. त्यांच्या हातापायांवर सूज येई व त्वचा सोलवटे. दुसरे मूल जन्मले की आधीच्या मुलास जडणारा आजार, अशा अर्थाचे ‘क्वाशिओरकर’ हे तेथील भाषेतले नाव त्यांनी १९३५ साली वैद्यकशास्त्रात आणले. या आजारामागे प्रथिनांच्या अभावाखेरीज अन्य कारणेही असतात, असे आता मानले जाते. तरीही पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा त्यातून मिळाला.

दूध, अंडी, मासे व मांस यांत नऊही आम्ले पुरेशी असतात. पण शाकाहारी कुटुंबाने निराश होण्याचे कारण नाही. तांदूळ व गहू यांत लायसीन हे आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनीन कमी, ते धान्यात मिळते. वरणभात, खिचडी, पिठले-भाकरी, पुरणपोळी यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत ती बावीस ग्रॅमच्या आसपास, तर एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाची गरज वाटीभर पातळ वरणाने भागत नाही, हे उघड आहे.

म्हणून सहा महिने पूर्ण झालेल्या बालकास नुसते पाणी न देता, मऊ शिजवून घोटलेली डाळ भातात कालवून भरवावी. आणि घरातल्या कोणालाही वरण वाढताना पळी तळापर्यंत जाऊ द्यावी.