टोल्यूइनचे उत्प्रेरकी ऑक्सिडीभवन
टोल्यूइनचा उत्प्रेरकाच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग घडवून बेंझिल अल्कोहॉल व बेंझाल्डिहाइड मिळविण्याची ही प्रक्रिया होय. तीत बेंझीनचे वलय अबाधित राहते. बदल होतो तो त्याला जोडलेल्या मिथिल गटात. कोबाल्टची लवणे मिसळलेल्या तप्त, द्रवरूप टोल्यूइनमधून दाबाखाली हवा सोडली असता प्रथम बेंझिल हायड्रोपेरॉक्साइड बनते व त्याच्या विघटनातून अल्कोहॉल आणि कडू बदामाच्या वासाचे बेंझाल्डिहाइड तयार होते. खरी अडचण पुढेच आहे. बेंझाल्डिहाइडचे ऑक्सिडीभवन टोल्यूइनपेक्षाही सहज होते. त्यामुळे विक्रिया तेथे न थांबता बेंझॉइक अम्लापर्यंत जाते. म्हणून टोल्यूइनचा थोडाच भाग रूपांतरित होऊ देतात व उरलेला वेगळा करून पुन्हा वापरतात. हा खटाटोप व्यर्थ नाही, कारण क्लोरिनीकरणाच्या मार्गाने बनविलेल्या बेंझाल्डिहाइडात क्लोरीनयुक्त अशुद्धी राहू शकतात आणि सुगंधी द्रव्ये व खाद्यपदार्थ यांत त्या चालत नाहीत.