पेला कोणी भरला, चावी कोणी दिली

अठरा वर्षांखालच्या मुलाने दारू पिऊन गाडी चालवली आणि त्यात कुणाचा जीव गेला, तर कायद्याच्या दृष्टीने आरोपी तो एकटा नसतो. त्याला दारू देणारा, गाडीची चावी त्याच्या हाती पडू देणारा आणि नंतर पुरावा दडपू पाहणारा, या तिन्ही प्रौढांसाठी वेगवेगळी कलमे आहेत. अडचण अशी की ती एका ठिकाणी सापडत नाहीत. दारूचे नियम महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 आणि त्याखालच्या नियमांत आहेत, गाडीचे मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये, मुलांचे बाल न्याय कायदा, 2015 मध्ये. आणि मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहिता लागू होते. चार कायदे, चार खाती. त्यामुळे गावात घडणाऱ्या प्रकाराला नेमके कोणते कलम लागते, हे बहुतेक घरांत प्रसंग ओढवल्यावरच कळते.

जुन्नर तालुक्यातले बेल्हे हे सोमवारच्या बैलबाजारासाठी ओळखले जाणारे गाव. कल्याण-अहिल्यानगर महामार्ग गावाजवळून जातो, पश्चिमेला आळेफाट्यावर त्याला पुणे-नाशिक महामार्ग छेदतो आणि बेल्ह्यापासूनच जेजुरीकडे राज्यमार्ग निघतो. अशा रस्त्यांच्या कडेला ढाबे असतात, मळ्यांत घरे असतात आणि दहावी-बारावीचा निकाल, वाढदिवस, हळद, यात्रा, थर्टी फर्स्ट अशा निमित्तांना मुलांच्या पार्ट्या होतात. पार्टी संपली की परतीचा रस्ता हाच महामार्ग. शहरातला पब आणि इथला ढाबा यांत थाटाचा फरक असेल, कलमांचा नाही.

वयाचे आकडे आधी नीट पाहायला हवेत, कारण त्यांत बरीच गल्लत होते. महाराष्ट्रात विदेशी मद्य पिण्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात, बियरसारख्या सौम्य मद्यासाठी 21. शिवाय पिणाऱ्याच्या नावाचा परवाना लागतो. पाच रुपयांत मिळणारा एका दिवसाचा परवाना त्यासाठीच आहे. गाडीचे वय वेगळे: साधारण 18, प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या व्यावसायिक गाडीसाठी 20. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने परवाना मिळतो, पण तो 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरता. आज घरोघरी असलेल्या बहुतेक स्कूटी 50 सीसीच्या बऱ्याच पुढच्या आहेत, तेव्हा ‘सोळाचा परवाना आहे’ हे उत्तर त्यांना लागू पडत नाही. ट्रॅक्टरलाही परवाना लागतो.

दारूचे वय आणि गाडीचे वय यांतले अंतर किती महत्त्वाचे आहे, ते मुंबईत 7 जुलै 2024 रोजी दिसले. ससून डॉकहून मासळी घेऊन पहाटे परतणाऱ्या वरळी कोळीवाड्यातल्या जोडप्याच्या स्कूटरला बीएमडब्ल्यूने धडक दिली आणि त्यात पत्नी गेली. गाडी चालवणारा सज्ञान होता, पण त्याचे वय 25 पेक्षा कमी होते. राज्य उत्पादन शुल्क विभागाने जुहूच्या ज्या बारवर कारवाई केली, तिचे एक कारण हेच होते: पंचवीस पूर्ण न झालेल्या ग्राहकाला तिथे मद्य दिले गेले होते.

पिणारा अठराच्या आतला असेल तर मामला परवान्याच्या नियमांपुरता राहत नाही. बाल न्याय कायद्याचे कलम 77 म्हणते की डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथे दारू विकली की फुकट दिली, हा प्रश्न येत नाही. परमिट रूमचा मालक त्यात येतो, ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत भाच्याच्या हाती बियरची बाटली देणारा मामाही येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अल्पवयीनांना घरी दारू पिऊ देणाऱ्या यजमानाला जबाबदार धरणारे स्वतंत्र कायदे आहेत. भारतात त्या नावाचा कायदा नसला, तरी यजमानाने स्वतः दारू दिली किंवा द्यायला लावली असेल, तर कलम 77 त्याच्यापर्यंत पोचते. पुढचे कलम 78 दारूची विक्री, वाहतूक किंवा पुरवठा यांसाठी मुलाला वापरणाऱ्यावर आहे, शिक्षा तेवढीच. टेबलावर क्वार्टर पोचवायला पंधरा वर्षांचा पोऱ्या ठेवणारा ढाबेवाला इथे अडकतो.

ढाब्याला मद्याचा परवाना नसेल, तर गुन्हा दुहेरी होतो. दारूबंदी कायद्याचे कलम 68 विनापरवाना दारू पिण्याचा अड्डा चालवणाऱ्याला लागते आणि तिथे बसून पिणाऱ्याला कलम 84. बाटली ग्राहकाने बाहेरून आणली, आम्ही फक्त चकणा आणि ग्लास दिले, हा बचाव ढाब्यावर नेहमी ऐकू येतो; पण जागा पिण्यासाठी वापरू देणे हेच कलम 68 चे मर्म आहे.

कागदावर हे सगळे कडक आहे. अंमलबजावणीतली एक मोठी फट मात्र संसदेनेच पाडली. बाल न्याय कायद्यात 2021 साली झालेली आणि 1 सप्टेंबर 2022 पासून लागू असलेली दुरुस्ती तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांना अदखलपात्र ठरवते. कलम 77 त्यातच मोडते. म्हणजे अमुक ठिकाणी नववीच्या मुलांना बियर मिळते, अशी तक्रार घेऊन एखादी आई पोलीस ठाण्यात गेली, तर नुसत्या या कलमावर पोलिसांना थेट तपास सुरू करता येत नाही. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद (एनसी) होते आणि तपासासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. सोबत एखादा दखलपात्र गुन्हा असेल तरच सगळे प्रकरण दखलपात्र म्हणून चालते. अपघात होण्याआधी, नुसती दारू मुलांच्या हाती पडत असतानाच कायदा धावून यायला हवा होता. तिथेच त्याचे पाय बांधले गेले, ही बाब गंभीर आहे. अशा वेळी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे परवान्याच्या अटी मोडल्याची तक्रार करणे हा जास्त जवळचा मार्ग ठरतो. तिथे फौजदारी खटल्याची वाट न पाहता परवाना निलंबित होऊ शकतो आणि धंदेवाल्याला त्याचीच धास्ती अधिक असते.

चावी देणाऱ्याचा हिशोब कलम 199अ करते. मोटार वाहन कायद्यात ते 2019 साली आले आणि त्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून लागू झाले. अल्पवयीनाने या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. कलमाचा खरा जोर आहे तो गृहीतकात. गाडी पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच वापरली गेली, असे न्यायालय धरून चालते. आपल्या नकळत नेली, किंवा ती नेली जाऊ नये म्हणून योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर येतो. चावी दाराजवळच्या खुंटीला लटकत असेल आणि रोज सकाळी तोच मुलगा दुधाचे कॅन बांधून डेअरीवर जात असेल, तर ‘आम्हाला न विचारता नेली’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? गावाकडे सोय म्हणून हे चालवून घेतले जाते. घरात दुसरे माणूस नसते, वडील मळ्यात असतात, शाळा लांब असते, ही अडचण खरी आहे. पण कलमात तिच्यासाठी सूट नाही.

प्यायलेपणाची मर्यादा याच कायद्याच्या कलम 185 मध्ये आहे: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने मृत्यू झाल्यास न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परिणामाची जाणीव असतानाही कृत्य केल्याचे दिसले, तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागते.

हे सगळे धागे एका घटनेत एकत्र आले ते पुण्यात. 19 मे 2024 रोजी पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने मोटरसायकलला उडवले. मध्य प्रदेशातून आलेले 24 वर्षांचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, ठार झाले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. बारावीच्या निकालानंतर तो मित्रांसोबत दोन मद्यालयांत जाऊन आला होता. 1,758 रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला. अपघातांवर 300 शब्दांचा निबंध आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम, अशा अटी होत्या. राज्यभर संताप उसळला. 22 मे रोजी मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवले, तर 25 जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिले. जामीन रद्द न करता जामिनावरच्या मुलाला डांबून ठेवता येत नाही, हा न्यायालयाचा मुद्दा कायद्याला धरूनच होता. बाल न्याय कायद्याचे कलम 12 मुलाला जामीन देणे हाच नियम मानते. खरा दोष निबंधाच्या अटीतल्या पोकळपणात होता. दोन जीव गेल्यानंतर काही तासांत अशी अट ऐकून मृतांच्या आईवडिलांना काय वाटले असेल, याचा विचार तिच्यात नव्हता.

त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, अशी पोलिसांची मागणी मंडळाने 15 जुलै 2025 रोजी फेटाळली. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर तसा खटला केवळ ‘निर्घृण’ गुन्ह्यांत चालतो, म्हणजे ज्यांची किमान शिक्षा सात वर्षे आहे अशा. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षांची अट नाही. या भेदावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात शिक्कामोर्तब केले. तो खटलाही दिल्लीत 2016 साली अठराला थोडे दिवस कमी असलेल्या मुलाने मर्सिडीजखाली एकाचा जीव घेतल्याचाच होता. बाल न्याय मंडळासमोर दोषी ठरलेल्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते.

पुण्यात त्यानंतर जे उघड झाले ते अपघाताइतकेच भयंकर होते. मुलाचे रक्त ससून रुग्णालयात घेतले गेले ते सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे आठ-साडेआठ तासांनी. रक्तातले अल्कोहोल सर्वसाधारणपणे दर तासाला 15 मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. 120 मिलिग्रॅम असलेला माणूस आठ तासांत जवळपास कोरा होतो. त्यावरही भरवसा न ठेवता नमुनाच बदलण्यात आला, असा पोलिसांचा आरोप आहे. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळवल्यावर ससूनमधले रक्त त्या मुलाचे नाहीच, हे कळले. ते आईचे असल्याचे तपासात पुढे आले. ससूनचे दोन डॉक्टर, मुलाचे आईवडील आणि कुटुंबाच्या गाडीचालकाला गुन्हा अंगावर घ्यायला दडपल्याच्या आरोपाखाली आजोबा, असे एकामागून एक अटकेत गेले. येरवडा पोलीस ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. मद्यालयातल्या सीसीटीव्हीचे चित्रण मात्र हाती राहिले. म्हणूनच अपघातानंतर पहिल्या एक-दोन तासांत श्वासचाचणी, रक्ताचा नमुना आणि पार्टीच्या ठिकाणचे सीसीटीव्ही, बिले व यूपीआयच्या नोंदी या गोष्टी मिळवणे निर्णायक ठरते. पुरावा नाहीसा करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमात सूट फक्त पती-पत्नीला आहे, आईबापांना नाही. गावाने आणखी एक गोष्ट पाळायची असते. अशा मुलाचे नाव किंवा फोटो ग्रुपवर टाकणे बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

फौजदारी खटल्याखेरीज भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा चालतो, आणि शेतकरी कुटुंबाचे कंबरडे मोडते ते बहुधा इथे. चालकाकडे परवाना नसणे हा विमा कराराचा भंग असतो. अशा प्रकरणांत न्यायालये सहसा कंपनीला मृताच्या वारसांना रक्कम द्यायला लावतात आणि ती गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली जवाहर सिंग विरुद्ध बाला जैन खटल्यात हेच केले. अल्पवयीन पुतण्याने चावी घेऊन मोटरसायकल नेली होती. ती तो चालवणार नाही हे पाहणे मालकाचे कर्तव्य होते, असे ठरवून विमा कंपनीचा वसुलीचा हक्क न्यायालयाने कायम ठेवला. कमावता माणूस गेला असेल तर ही रक्कम लाखांत जाते आणि तिच्या वसुलीसाठी मालकाच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. गाडी थोरल्या भावाच्या किंवा काकाच्या नावावर असेल, तर वसुलीची नोटीस त्यांच्याच नावाने निघते.