ट्रकचं नाक आणि कायद्याची फूटपट्टी

होस्टेलमध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' न पाहिलेला मुलगा सापडणं कठीण. २००७ च्या त्या सिनेमातला ऑप्टिमस प्राइम म्हणजे लांब नाकाचा पीटरबिल्ट ३७९ ट्रक. पण १९८४ साली त्याची कार्टून मालिका आली, तेव्हा हाच हिरो सपाट तोंडाचा होता! त्या काळात अमेरिकेच्या रस्त्यांवर सपाट तोंडाचे ट्रक भरपूर होते. पुढे ते जवळजवळ नाहीसे झाले. युरोपात मात्र आजही सपाटच. दोन्हीकडे डिझेल इंजिन तेच, भौतिकशास्त्र तेच, मग चेहरे वेगळे का?

उत्तर इंजिनात कमी आणि कायद्यात जास्त आहे. कायदा जे मोजतो, ते इंजिनिअर वाचवतो.

आमच्या पूर्णेच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. तोवर आमच्या जंक्शनवर दोन गेज नांदत होते आणि मीटर गेजचा डबा ब्रॉडगेजवर जाऊ शकत नव्हता. रुळांमधलं अंतर आधी ठरतं, डबा नंतर. ट्रकचंही तसंच.

अमेरिका : लांब व्हा, जास्त न्या

पूर्वी अमेरिकेतली अनेक राज्यं ट्रक आणि ट्रेलरची मिळून लांबी मोजत. म्हणजे कॅब जेवढी आखूड, तेवढा हौदा मोठा. म्हणून इंजिनावर बसवलेली सपाट कॅब चालली. १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवर ही एकूण लांबीची मर्यादा काढली आणि फक्त ट्रेलरची लांबी मोजायला सांगितली. ४८ फुटी ट्रेलर सर्व राज्यांना मान्य करावा लागला. पुढचं नाक मोजण्यातून सुटलं, तसं ते वाढलं. बॉनेट उघडून इंजिन दुरुस्त करणं सोपं, हवेचा अडथळा कमी, आणि ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या डोक्यावर न बसता थोडा मागे बसत असल्यामुळे धक्के कमी. मागे झोपायची खोलीही ऐसपैस.

दुसरी गोष्ट म्हणजे पुलांचं सूत्र. एकूण वजनाची मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६.३ टन. पण ती सरसकट मिळत नाही. सूत्र असं : वजन = ५०० × [ल × न ÷ (न − १) + १२न + ३६]. इथे 'ल' म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर फुटांत, 'न' म्हणजे अ‍ॅक्सलची संख्या, आणि वजन पौंडांत. पाच अ‍ॅक्सल ५१ फुटांत पसरले तर साधारण ८०,००० पौंड मिळतात. तेच ४० फुटांत बसवले तर ७३,०००. म्हणजे ११ फूट आखडल्याबद्दल तीन टनांवर माल गेला! कारण सरळ आहे : वजन एका जागी एकवटलं की पुलाच्या गर्डरवर ताण वाढतो.

युरोप : एकूण साडेसोळा मीटर

युरोपात ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून १६.५ मीटर, उंची ४ मीटर, आंतरराष्ट्रीय वाहतुकीत पाच अ‍ॅक्सलवर साधारण ४० टन. १३.६ मीटरचा ट्रेलर जोडल्यावर पुढे उरतं किती? नाक काढलं तर माल कमी होणार. म्हणून ड्रायव्हर इंजिनाच्या वर बसतो आणि दुरुस्तीला अख्खी कॅब पुढे कलंडवतात. जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांत वळायलाही हे बरं. अलीकडे नियम थोडा सैल झाला : हवेचा अडथळा कमी करणाऱ्या थोड्या लांब कॅबला २०२० पासून परवानगी आहे, आणि डॅफ कंपनीने २०२१ मध्ये तशी कॅब आणलीसुद्धा.

पण सपाट तोंडाला एक मोल द्यावं लागतं. समोरून धडक बसली तर ड्रायव्हरच्या पायांपुढे इंजिन-बॉनेटचा आडोसा नाही. म्हणून युरोपने कॅबच्या मजबुतीची चाचणी लावली. शिवाय ९० किलोमीटरचा वेगमर्यादक, ट्रेलरच्या बाजूला संरक्षक पट्ट्या, आणि साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती. अमेरिकेत देशपातळीवर वेगमर्यादकाची सक्ती नाही. तिथे एका पाळीत ११ तासांपर्यंत गाडी चालवता येते.

आणि आपण?

१९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले. ते बॉनेटवाले होते. पुढे आपणही सपाट तोंडाकडे वळलो. टाटा १६१३ हे नाव बघा : १६ म्हणजे टन, १३ म्हणजे १३० अश्वशक्ती. नावात वजन आणि ताकद दोन्ही आहेत, ड्रायव्हर कुठेच नाही!

खरी ग्यानबाची मेख इथे आहे. आपण युरोपचा आकार घेतला, पण त्याबरोबरची कॅबची मजबुती बरीच वर्षं मागे राहिली. मालक नुसती चेसिस विकत घेई आणि गावच्या बॉडीवाल्याकडून लाकूड-पत्र्याची केबिन बांधून घेई. केबिन रंगीत, नक्षीदार, पण धडकेत काय होणार? आता कॅब आणि बॉडीसाठी एआयएस-०९३ हे मानक आहे, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. मे महिन्यात परभणीच्या उन्हात इंजिनाशेजारी बसणाऱ्याला हे चैन वाटणार नाही.

वजनाचंही बघू. २०१८ मध्ये चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. युरोपात चालक अ‍ॅक्सलला तेवढीच आहे. अमेरिकेत साधारण ९ टन. १९५८ ते १९६० च्या अमेरिकन रस्ता-चाचणीतून निघालेला ठोकताळा सांगतो की रस्त्याची झीज अ‍ॅक्सल-वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. कॅल्क्युलेटर काढा : ११.५ ÷ १०.२ चा चौथा घात सुमारे १.६. वजन तेरा टक्के वाढलं, झीज साठ टक्के! आणि हे कायद्यातलं वजन. वीस टक्के ओव्हरलोड म्हणजे झीज दुप्पट. रस्ता खचला की आपण कंत्राटदाराला शिव्या देतो, पण त्यावरून गेलेल्या अ‍ॅक्सलचं वजन कोणी विचारत नाही.

तेव्हा अमेरिकन ट्रक भारी की युरोपियन, हा मेसमधला वाद तसा फुकटचा आहे. दोघेही आपापल्या फूटपट्टीत पहिले आलेत. आपण विचारायचं ते हे की आपली फूटपट्टी काय मोजते : फक्त टन, की आत बसलेला माणूससुद्धा? ऊस हंगामात पूर्णा-वसमत रस्त्यावर भरलेल्या गाड्यांची रांग दिसेल. चाकं मोजा, केबिन कशाची आहे ते बघा, मागे रिफ्लेक्टर आहे का तेही बघा. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको.