कोकोच्या बिया आणि मापाचा काटा

चॉकलेटची वडी पोरांच्या हातात आपण हौसेने ठेवतो. पण ज्या बियांपासून ती होते, त्या पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते, ते आज थोडे पाहू.

कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आज मात्र जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तोही बहुतेक लहान शेतकऱ्यांच्या पाच-दहा एकरांत. फळे थेट बुंध्याला लागतात. एका फळात साधारण ३०-४० बिया. त्या काढून, केळीच्या पानांखाली झाकून पाच-सहा दिवस आंबवायच्या आणि मग आठवडाभर उन्हात वाळवायच्या. एवढी मेहनत झाली, की माल काट्यावर जातो.

घानात शेतकऱ्याला द्यायचा भाव सरकार ठरवून देते. पण भाव ठरलेला असला, तरी व्यापाऱ्याने काटा मारला तर शेतकरी बुडालाच की! म्हणून १९९३ साली तिथल्या शेतकऱ्यांनी 'कुआपा कोको' ही आपली सहकारी संस्था काढली. गावातल्या सभासदांनी आपल्यातूनच माप करणारा निवडायचा, अशी तिची रीत. रास्त व्यापाराच्या खुणेमुळे जो जादा पैसा मिळाला, त्यातून विहिरी आणि शाळा उभ्या राहिल्या.

मग सारे ठीक झाले का? नाही. मजूर लावायला पैसा नसला, की घरची पोरेच कोयता घेऊन रानात जातात. २००१ साली मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार थांबवण्याचा करार केला. २००५ ची मुदत टळून गेली. २०२० च्या एका पाहणीत या दोन देशांत कोकोच्या कामावरील बालमजूर सुमारे साडेपंधरा लाख आढळले. म्हणजे नुसत्या बंदीने भागत नाही, घरात पैसा यावा लागतो. हे ओळखून दोन्ही सरकारांनी २०१९ साली टनामागे ४०० डॉलर जादा मागितले. पुढे २०२४ साली जागतिक बाजारात भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर चढला. पण शेतकऱ्याचा भाव आधीच बांधलेला, त्यामुळे तेजीचा पुरा लाभ त्याला झाला नाही.

तेव्हा वेष्टनावर खूण दिसली, की तेवढ्यावर समाधान मानू नये. तीन गोष्टी विचाराव्यात: माल कोणी मोजला? भाव कोणी ठरवला? जादा पैसा कुठे गेला? शिक्षकांनी वर्गात नकाशावर घाना दाखवावा आणि हेच प्रश्न मुलांपुढे ठेवावेत. ज्यांच्या घरचा माल बाजाराला जातो, त्या मुलांना काटा म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.