बारा पॉइंट सहा

मे महिन्यात अकोल्यात गाडी अडली की लोक नवी बॅटरी घ्यायच्या तयारीनेच दुकानात शिरतात. अशा गिऱ्हाइकाला एका दुकानदाराने काही न विकता परत पाठवलं असं ऐकलं, म्हणून त्याच्याकडे जाऊन बसलो.

"नवी काय्ले घेता भाऊ? बारा पॉइंट सहा आहे," मीटर बघत तो एकाला म्हणत होता. टर्मिनलवर पांढरट-निळी पूड चढली होती. आधी निगेटिव्हची तार काढली. गाडीचा पत्रा निगेटिव्हलाच जोडलेला; पॉझिटिव्ह आधी सोडवताना पान्हा पत्र्याला टेकला तर ठिणगी ठरलेली, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. गरम पाणी, खायचा सोडा, ब्रश. गाडी सुरू झाली.

त्याच्या शर्टाला पोटापाशी बारीक भोकं होती. माझं लक्ष पुन्हा पुन्हा तिथेच. अ‍ॅसिडचा थेंब पडताना कळत नाही, कापड धुतलं की जाळी होते. चष्मा मात्र खिळ्यालाच लटकलेला. ही बेफिकिरी मला मुळीच कौतुकाची वाटली नाही.

दुसऱ्या गाडीलाही बारा पॉइंट सहा. मालक खूश. सहा सेल, प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्ट, म्हणजे हिशेबाने भरलेली. दुकानदाराने लोड टेस्टर लावला आणि काटा आठाच्या खाली आला. "हे संपली." झिजलेल्या प्लेटा रिकाम्या बसल्या असताना आकडा नीट दाखवतात, स्टार्टरने करंट मागितला की हात वर करतात. उन्हाने पाणी आटतं, प्लेटा लवकर गंजतात. डिस्टिल वॉटरऐवजी नळाचं घातलं की क्षार आणखी घात करतात.

नवी देताना त्याने वॉरंटी कार्डाच्या आधी तयार झाल्याचा महिना दाखवला. अँपिअर-अवर गाडीच्या कंपनीने दिले तेवढेच, टर्मिनलची बाजू तीच.

जुनीचे पैसे बिलातून वजा होतात. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरी या मालकाने विचारलंच, भंगारवाला जास्त देईल का?

"देईन ना. अ‍ॅसिड नालीत ओतते, शिसं उघड्यावर वितळवते. त्याले कुठला खर्च?"

मालक फोनवर भाव विचारू लागला.